गिरडच्या टेकडीवर मी जे मागितलं

ती. मामाजींच्या पायांवर डोकं ठेवून सुनेचा नमस्कार.

आज घरात आलं ते असं. पांढरे बूट एक जोड, साडेसातशे. अ‍ॅप्रनचं कापड तीनशे वीस, शिलाई वेगळी. जाड वह्या सहा, तीनशे. नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळ चारशे; दुकानदार साडेचारशेवर अडला होता, पन्नास मी कमी करवले. तुमची वैशू सोमवारपासून नर्सिंगच्या कॉलेजात जाणार, त्याचं हे सामान.

रोजचा हिशेब तुम्हाला वाचून दाखवायची सवय अजून सुटली नाही. तुम्ही ओसरीत भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकायचे. मला वाटायचं झोपले, आणि शेवटी म्हणायचे, "बराबर हाय. आता चहा मांड." आजचाही हिशेब बराबर आहे मामाजी. पण तुम्ही चहा मांड म्हणावं असं माझ्या हातून काही झालेलं नाही.

काल दुपारी नागपूरहून फोन आला. तो मी घरात कोणालाच सांगितला नाही. ह्यांनाही नाही आणि वैशूलाही नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं शहाणपणाचं नाही, हे मला कळतं. पण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय देवापुढे दिवा लावायला हात उचलत नाही. दोन वेळा काडी ओढली आणि विझवली.

सुरुवात तुमच्यापासूनच करते, रागावू नका. पोरीला धावायचं वेड लावलं कोणी? पहाटे लुनावर पुढे वांग्याचं पोतं, मागे नात! बाजारात माल उतरवायचा आणि तसंच ग्राउंडवर जायचं. वळणावर उभं राहून "दाब वैशू, दाब!" ओरडायचे. तुमचा आवाज रस्त्यापर्यंत येतो असं दूधवाला सांगायचा. ग्राउंडवरच्या सरांनी अंडी द्यायला सांगितली तेव्हा मी म्हटलं, माझ्या चुलीवर नाही. तुम्ही मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून तिला बाजारातल्या हातगाडीवर उकडलेली खाऊ घालून आणू लागले. विचारलं तर दोघंही म्हणायचे, "कणसं खाल्ली." बारा महिने कणसं येतात का हो मामाजी? मला वास येत नव्हता असं वाटलं तुम्हाला?

तेवढं मी चालवून घेतलं. पण दहावीनंतर मी एकदा पदर सावरून तुमच्यासमोर उभी राहिले होते, आठवतं? म्हटलं, खेळाडूचं शरीर पालेभाजीसारखं असतं, संध्याकाळपर्यंत मान टाकतं. पुढे काय? तुम्ही मेथीच्या जुड्या बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणूनच ते सकाळी विकावं लागते, सूनबाई."

  मला ते पटलं नव्हतं.

मग तुमचं ते दवाखान्यातलं आजारपण. तुमच्या हाताची शीर कोणाला सापडेना. दोन जणांनी सुया टोचून पाहिल्या, हात काळानिळा झाला. मग ती बारकी सिस्टर आली, वैशूहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने बोटाने नुसतं चाचपलं आणि एका टोचण्यात काम झालं. तुम्ही तेवढ्या तापातही म्हणाले, "सिस्टर, तुह्या हातात जादू हाय. माह्या नातीच्या पायात हाय."

मी त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. तिथेच तुमच्या खाटेजवळच्या खुर्चीवर बसून ठरवलं की माझी पोरगी अशी झाली पाहिजे. पांढऱ्या कपड्यात, ताठ मानेने, जिच्यासाठी म्हातारी माणसं सरकून जागा करतात अशी. ते ठरवण्यात मला पाप वाटलं नाही. आजही वाटत नाही. मी मॅट्रिक पहिल्या वर्गात पास झाले, आणि पुढच्या महिन्यात तुमच्या घरात भाजी निवडायला बसले. तुम्ही चांगले म्हणून हिशेबाची वही तरी माझ्या हाती दिली. पण तिला कोणाची वही मिळायची वाट पाहावी लागू नये, एवढंच माझं म्हणणं.

बारावीनंतर दोन्ही दारं उघडली. नर्सिंगच्या परीक्षेत नंबर लागला, कॉलेज घरापासून जवळ. आणि नागपूरच्या एका कॉलेजात खेळाडू मुलींचं वसतिगृह. राहणं, खाणं, शिकवणारे सर, सगळं त्यांचं. शिकायचं बी.ए., धावायचं आठशे मीटर. पण तिथे चारच मुली घेणार, आणि त्यासाठी धावून दाखवायचं.

वैशू म्हणाली, "आई, मले दोन्ही आवडते. पण पाय आता आहेत. पुस्तक तर नंतरही राहीन."

मी म्हटलं, "पुस्तकही नंतर राहत नाही बाई. मले विचार."

"तू तर कधी सांगितलंच नाई," ती म्हणाली.

"तू कधी विचारलंस?"

 ह्यांनी नेहमीप्रमाणे बैलासारखी दोन्हीकडे मान हलवली आणि वावरात निघून गेले.

मग मी वैशाखात तिला घेऊन गिरडला गेले. तुम्ही दरवर्षी जात होते म्हणून, असं घरी सांगितलं. हिंगणघाटला बस बदलली, उन्हात पायऱ्या चढलो. ती भराभर वर जाऊन परत खाली यायची, माझी पिशवी घ्यायची, पुन्हा वर. दर्ग्यात फरीदबाबांच्या समोर दोघी हात जोडून उभ्या राहिलो.

आणि मी डोळे मिटून म्हटलं: बाबा, नागपूरला माझ्या पोरीची निवड नको होऊ दे. चादर चढवीन.

मामाजी, आईने हे मागितलं. लोक पोरांच्या यशासाठी उपास करतात. मी हरण्यासाठी नवस बोलले. तेही तुमच्या जागेवर जाऊन, तुमच्या देवापाशी तुमच्याच विरुद्ध!

उतरताना तिने विचारलं, "काय मागितलं वं आई?"

"मागितलेलं सांगत नसतात," मी म्हटलं.

"मी सांगतो. मी मागितलं, माह्या आईच्या मनातली भीती जाऊ दे."

"आणि निवडीचं?"

ती हसली. "धावायचं तर मलेच हाय. ते बाबाले कायले मागू? त्यांनी का चड्डी घालून धावावं?"

"देवाला असं बोलू नाही!" म्हणून मी तिच्या पाठीत धपका घातला. धपका खरं तर कोणाला बसायला हवा होता?

निवडीच्या दिवशी मी स्वतः नागपूरला गेले. हे म्हणाले, तू काऊन? मी म्हटलं, पोरगी एकटी कशी जाईल. तुम्ही कधी मला ग्राउंडवर नेलं नव्हतं, त्यामुळे ती धावताना मी पहिल्यांदाच पाहत होते. हा माझा तुमच्यावर राग आहे, लिहून ठेवते. एवढी वर्षं नुसते घामेजलेले कपडे धुतले मी. ती धावते कशी, ते मला कोणी दाखवलंच नाही. खांदे सैल, हनुवटी थोडी वर, चेहरा असा शांत, जणू पूजेला बसली आहे. ही माझ्याच पोटची का, असं झालं.

शेवटच्या वळणावर ती तिसरी होती. बाहेरून एक उंच मुलगी आली, मग आणखी एक. आणि मामाजी, मी उठून उभी राहिले, डोक्यावरचा पदर पडला, आणि ओरडले, "दाब वैशू, दाब!" तुमचाच आवाज निघाला माझ्या तोंडून. मी त्या क्षणी नवस विसरले होते, देवाशपथ. पण बाबा विसरले नव्हते. ती पाचवी आली.

आता खरं लाजेचं सांगते. यादी वाचून दाखवली आणि माझं अंग हलकं झालं. आपल्या पोरीचं नाव नाही, आणि आईचं अंग हलकं! कधी बाहेर पाण्याची बाटली विकत न घेणारी मी, तिला उसाचा रस पाजला, वर समोसा घेऊन दिला. ती रसाचा ग्लास धरून माझ्याकडे पाहत राहिली.

"आई, तू एवढी खुश काऊन हायेस?"

"खुश कुठे? ऊन लागलं मला," मी म्हटलं.

 येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "नर्सिंगचे पैसे भरून टाका." आणि तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा कॅनॉलच्या रस्त्याने धावायला गेली. तिला कोणी धावायला सांगितलं नव्हतं. कोणी निवडणारही नव्हतं. का गेली असेल? मी अंथरुणात पडून तिच्या पायांचा आवाज लांब जाताना ऐकला.

चादर अजून चढवली नाही. बोललेला नवस बाकी ठेवू नये असं तुम्हीच शिकवलं. पण जाऊ कशी? घरात विचारतील, कशाचा नवस फेडते? आणि फेडला तर मला जे मिळालं ते आनंदाचं होतं, असं कबूल केल्यासारखं नाही का?

इतकं होऊनही बरं चाललं होतं म्हणा. मनाला समजावलं होतं, पोरगी मार्गी लागली. तेवढ्यात कालचा फोन. निवडीच्या कागदावर माझा नंबर दिलेला. तिथले सर बोलत होते. "पहिल्या चौघींतली एक येत नाही. जागा वैष्णवीची आहे. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, नाही तर पुढच्या मुलीला विचारतो. जरा तिला द्या ना फोन."

मी म्हटलं, "ती घरी नाही."

ती अंगणात होती मामाजी. दहा पावलांवर. गवारीच्या शेंगा मोडत होती, तोंडाने कुठलंसं गाणं चालू होतं.

नवस तरी देवाशी होता. देव मोठा, माफ करील म्हणा. ही थाप मी तिच्या पाठीमागे, तिच्याच नावाची मारली. रात्री ताट वाढताना तिने विचारलं, "कोणाचा फोन होता?" म्हटलं, "बँकेचा." देवघरात बसणाऱ्या बाईचं तोंड, आणि त्यातून एकामागे एक काय निघालं पाहा.

बाबांनी माझं मागणं एकदा ऐकलं. मग जागा परत का उघडली? मला वाटतं, त्यांनी दोघींचं ऐकलं. माझं निवड न होण्याचं, आणि तिचं माझी भीती जाण्याचं. माझं आधी देऊन टाकलं, आता तिचं द्यायला आले आहेत, आणि मी दाराला कडी घालून बसले आहे.

आजही मी नर्सिंगच म्हणीन. माझं मत बदललं नाही, उगाच गोड का लिहू? गुडघा गेला तर बी.ए.च्या कागदावर काय मिळतं, हे मला अजून कोणी समजावलेलं नाही. तुम्ही म्हणायचे, खेळाच्या कोट्यातून पोलिसात लागेल. लागेलही. पण मत असणं वेगळं आणि पोरीचा फोन दाबून ठेवणं वेगळं. मत तोंडावर सांगता येतं. ती माझ्याशी भांडेल, मी तिच्याशी भांडेन, दोघी उपाशी झोपू. मी तर भांडायलाही घाबरले आणि देवाला मध्ये घातलं.

आता ती ह्यांच्यासोबत वावरात गेली आहे. उन्हं उतरली की येईल. संध्याकाळ व्हायच्या आत मी तिला दोन्ही सांगीन, हे तुम्हाला वचन देते. फोनही सांगीन आणि नवसही. ती जे ठरवील त्याच्या मागे "पण" लावणार नाही. नागपूरला गेली तर कॉलेजात भरलेले पैसे परत मिळोत न मिळोत, ते तिच्यासमोर मोजणार नाही. नर्सिंगला राहिली तर माझ्या तोंडावर आनंद दिसू देणार नाही. आणि चादर मी तिला सोबत घेऊनच चढवीन. ती यायला तयार असली तर.

एवढंच कळत नाही, आधी काय सांगू? फोन आधी सांगितला तर ती उडी मारून नागपूरला हो म्हणेल आणि नवसाचं तिला मग परक्या गावी, एकटीला सलत राहील. नवस आधी सांगितला तर रागाने जाईल, किंवा मी रडले म्हणून राहील. मला ती रागाने गेलेली नको आणि दयेने राहिलेलीही नको. तिने आपल्या डोक्याने निवडावं, एवढं एकदा तरी माझ्या हातून व्हावं. तुम्ही तिला माझ्याहून जास्त ओळखत होते. आधी कोणतं सांगू, ते उलट टपाली कळवा. उशीर करू नका मामाजी, फाटक वाजलं आहे.

तुमची सून,
सुमन