मॅडम प्लॅनमध्ये नाहीत

बिबवेवाडी, पुणे
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. सौ. वासंतीताईस,

सुहासिनीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे अजून वाकत नाहीत, तेव्हा ते वगळून जेवढी अंगं उरतात तेवढ्यांनी.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं क्षेम आहे, ह्यांचं पोट सोडून. ते का, हेच सांगायला बसले आहे.

आमच्या लग्नाच्या वाढदिवसाचं निमित्त करून गंधारने कोकणातल्या एका रिसॉर्टची खोली घेऊन दिली. (हिंजवडीत नोकरी करणारी मुलं हल्ली आईबापांना वेळ सोडून सगळं देतात.) खोलीचं भाडं त्याने भरलं होतं. जेवणाचा प्लॅन आगाऊ पैसे भरून घ्यायचा, की तिथे जाऊन भूक लागेल तसं खायचं, हे तेवढं ह्यांनी ठरवायचं होतं. जन्मभर विमा कचेरीत काढलेला माणूस! कॅल्क्युलेटर घेऊन कित्येक संध्याकाळी बसले. ताई, मला समुद्राचं काही नव्हतं गं. कुणीतरी गरम पोळी माझ्या ताटात वाढावी आणि मी उठू नये, एवढंच हवं होतं. लग्न झाल्यापासून माझ्या वाटणीची पोळी मी गारच खात आले आहे.

शेवटी निकाल लागला. प्लॅन फायद्याचा आहे, पण एकट्याचा. कारण तारखा नेमक्या नवरात्रातल्या निघाल्या आणि माझे तर नऊ दिवस उपास. "तू कुठे जेवणार आहेस?" एवढंच म्हणाले आणि माझ्या बॅगेत राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा स्वतःच्या हाताने ठेवला. (अख्ख्या संसारात ह्यांनी माझ्यासाठी भरलेला हा पहिला डबा.)

तिथे पहिल्याच दुपारी वाढप्याने माझ्यापुढे ताट मांडलं, हातातला कागद बघितला आणि ताट उचलून नेलं. "मॅडम प्लॅनमध्ये नाहीत." अगदी अदबीने हो! मी पाण्याचा पेला धरून बसले आणि हे पैसे वसूल करायला लागले. घरी अर्धी भाकरी पुरे म्हणणारा माणूस, पण आंबोळ्या काय, वडे काय, काळ्या वाटाण्याची उसळ काय, मोदकांना तर सुमारच नाही. वर प्रत्येक पदार्थाची चव मला वर्णन करून सांगायचे. उपाशी बाईला तेवढीच करमणूक.

दोन दिवसांत व्हायचं तेच झालं. डॉक्टरांनी लंघन सांगितलं. तर पलंगावर कण्हत हे म्हणतात काय, "माझं ताट फुकट जाईल. तू जाऊन जेव. देवीला समजतं सगळं." मागे मी तापाने फणफणले असताना उपास सोडते म्हटलं, तेव्हा ह्यांच्या मते ह्याच देवीला काही समजत नव्हतं. मी गेले नाही. भक्तीने नव्हे, रागाने. व्हरांड्यात बसून लाडू चावत राहिले आणि मला रडू आलं.

असो. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी धाकटी,
सुहासिनी

ता. क. परवा गंधारचा फोन आला. म्हणाला, "आई, मी तर दिवाळीनंतरच्या डेट्स घेतल्या होत्या. बाबांनीच चेंज करायला लावल्या."

आणखी एक ता. क. पत्र खरं तर ह्यासाठीच. उपासांचं उद्यापन करायचं ठरवलंय, आणि ते तुझ्याकडे. शुक्रवारी स्वारगेटहून सांगलीची एसटी धरते. सवाष्णी वगैरे कुणाला बोलावू नकोस. मला पाटावर बसव, तव्यावरची पोळी थेट माझ्या ताटात वाढ, आणि मी सवयीने उठायला लागले तर खांदा दाबून खाली बसव. हे विचारत होते, "मग माझ्या जेवणाचं काय?" मी म्हटलं, ह्या बेतात साहेब नाहीत. राजगिऱ्याचे लाडू उरलेत डब्यात.