दाव्यासकट

॥ श्री ॥
टिटवाळा,
ता. ११ जानेवारी १९५५

ती. दादास,
सुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

यंदा आमच्याकडून तिळगूळ येणार नाही. वर्ष सरेपर्यंत आम्हांला सण नाही. वहिनींनी मात्र डबा पाठवला तर सरोज नको म्हणणार नाही, एवढे कानावर घालून ठेवते.

कल्याणच्या जनावरांच्या प्रदर्शनात शाळकरी मुलांचा वेगळा गट आहे आणि त्याचा चिटणीस माझा सख्खा भाऊ आहे, हे मला शेजारणीकडून कळावे ना! सरोजचे नाव यांनीच आषाढात घालून ठेवले होते. म्हशाच्या जत्रेतून टिकल्याला आणला तेव्हा तो हाडांचा सापळा होता. आता तो डांगी खोंड माझ्या खांद्याला लागतो, आणि कपाळावरचा काळा टिळा सोडला तर दुधासारखा पांढरा आहे. हे मालधक्क्यावरची कारकुनी आटोपून आले की कोटसुद्धा न काढता आधी गोठ्यात जायचे. त्यावरून मी किती बोलायची ते तू ऐकले आहेस.

तुमचा नियम म्हणे असा की, पहिला आलेल्या खोंडाचा तिथेच लिलाव होतो आणि मुलाने नाही म्हणायचे नाही. नंबर हुकला तर जनावर घरी. म्हणून सरोज रोज देवळात जाऊन टिकल्या हरू दे असे मागते, आणि मी तो जिंकू दे असे मागते.

का ते तुलाच सांगते. हे गोठ्यात शिरण्याआधी दोनदा खाकरायचे, जनावर दचकू नये म्हणून. श्रावणात ते गेले. पण दिवेलागणीला गोठ्याच्या दाराशी अजून खाकरल्याचा आवाज येतो. टिकल्या उठतो, दाराकडे मान वळवतो आणि कोणी गळ्याखालची पोळी खाजवत असल्यासारखा डोळे मिटून उभा राहतो. मला भीती वाटते, दादा. ज्यांच्याबरोबर सगळा संसार केला त्यांची भीती वाटावी, याची लाजही वाटते. पण त्या वेळी मी स्वयंपाकघराचे दार लावून घेते.

टिकल्या गेला म्हणजे हे थांबेल असे मला वाटते. तुझी माया आजवर पुरली, पुढेही पुरू दे.

सुमती


ठाणे,
ता. १७ जानेवारी १९५५

चि. सुमतीस अनेक आशीर्वाद.

एकाच गणपतीकडे मायलेकींचे दोन उलटे अर्ज! आमच्या शाळेत असे झाले तर हेडमास्तर दोन्ही कागद टोपलीत टाकतात. देव काय करतो बघू.

तू लिहिलेस ते मी दोनदा वाचले. रागावू नकोस, पण काळू नदीच्या पलीकडचे बोलणेसुद्धा संध्याकाळी पाण्यावरून अंगणात आल्यासारखे ऐकू येते, हे मी तुझ्याच ओटीवर अनुभवले आहे. थंडीत खोंडालाही ढास लागते. श्रीपादरावांसारखा सरळ माणूस बायकोला घाबरवायला येईल, हे मला पटत नाही.

लिलावाचे म्हणशील तर काळजी नको. गेल्या वर्षी मुरबाडच्या एका मुलाचा खोंड चारशे एकला गेला. बाजारात तसा खोंड निम्म्यानेही मिळतो, पण भर मैदानात बोली चढली की लोक खोंड घेत नाहीत, मान घेतात. पैसे मुलाच्या शिक्षणासाठी पोस्टात जातात. ज्याची स्वतःची शेती आहे त्यालाच बोली लावता येते, त्यामुळे टिकल्या कोणाच्या तरी नांगरालाच जाईल. मी नुसता चिटणीस. नंबर लावणारे पुण्याहून येतात, तेव्हा वशिला चालायचा नाही.

तुझ्या वहिनीने डबा भरला आहे. प्रकृतीला जप, आणि या भावाला दूरचा समजू नकोस.

प्रभाकर


टिटवाळा,
ता. ३० जानेवारी १९५५

ती. मामांस,
सरोजचा कृ. सा. न. वि. वि.

डबा पोचला, आणि संपलाही. मामींना सांगा की लाडू कडक होते, पण मी तक्रार करत नाही.

आईने तुम्हांला काय लिहिले ते मला माहीत आहे. मला भीती वाटत नाही. बाबा खाकरले की मी गोठ्यात जाते आणि त्यांना शाळेतले सगळे सांगते. भूमितीत नापास झाले तेही सांगितले. आईला अजून सांगितलेले नाही, तुम्हीही सांगू नका.

टिकल्या हरावा म्हणून मी मध्यंतरी त्याची सरकी कमी केली होती. पण तो रिकामे घमेले चाटत राहिला, ते बघवेना. मग दुप्पट घातली. आता तो इतका तकतकीत दिसतो की माझेच मला रडू येते. मामा, पुण्याच्या परीक्षकांना एवढेच सांगा की त्याचा मागचा उजवा पाय चालताना किंचित बाहेर पडतो. ही चहाडी नाही, खरेच पडतो.

आईला वाटते की टिकल्या गेला की बरे होईल. पण तो गेल्यावर बाबांनी यायचे कुठे, हे तिला विचारले तर ती उठून आत जाते. तुम्ही मोठे आहात, तुम्ही विचारा.

मामींना नमस्कार. तुमची लाडकी आहे ती तशीच राहीन, टिकल्या घरी आला तर जास्तच.

सरोज


टिटवाळा,
ता. १४ फेब्रुवारी १९५५

ती. दादास,
सुमतीचा नमस्कार.

प्रदर्शनाला मी येणार नाही, इतक्या लोकांत मला नको वाटते. सरोज शेजारच्या मंडळींबरोबर येईल. तू तिच्यावर लक्ष ठेवशीलच.

एक काम मात्र न विसरता कर. तुझा संसार ठाण्यात वाढलेला, तुला ही रीत ठाऊक नसेल. जनावर विकताना त्याचे दावे कोणी देत नाही. घेणारा आपले नवे दावे आणतो आणि विकणारा जुने सोडून घरी आणतो, गोठ्यातल्या खुंटीला टांगतो. दावे दिले तर गोठ्यातले जे काही असते ते जनावराच्या पाठोपाठ निघून जाते, असे इथे सगळे मानतात. टिकल्याचे दावे यांनी आजारपणात बसल्या बसल्या अंबाडीचे वळलेले आहे.

टिकल्या जिंकला तर ते दावे परत आणू नकोस. त्याच्या गळ्यात राहू दे. सरोज ऐकायची नाही, म्हणून तुझ्यावर सोपवते. जे काही असेल ते सगळे एकदाचे जाऊ दे.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

सुमती


ठाणे,
ता. २२ फेब्रुवारी १९५५

चि. सुमतीस अनेक आशीर्वाद.

टिकल्या पहिला आला. सातशे एकावर लिलाव संपला. मैदानात टाळ्या पडत होत्या आणि तुझी मुलगी माझ्या उपरण्यात तोंड खुपसून रडत होती. तिला घेऊन मी कालच तुझ्याकडे येऊन गेलो, पण तिच्यासमोर निकालापलीकडे काही बोलता आले नाही. म्हणून लिहितो.

खोंडांना एकेक करून रिंगणात फिरवायचे असते. सरोजने मुद्दामच दावे सैल सोडले आणि ती खांबासारखी उभी राहिली. टिकल्याही हलेना. परीक्षक वहीत काहीतरी लिहून पुढच्या खोंडाकडे वळलेसुद्धा. मी मनात म्हटले, पोरीने डाव साधला. तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी दोनदा खाकरले. टिकल्याने मान उचलली आणि तो निघाला. सरोज त्याच्यामागे ओढली जात होती, पण तो असा डौलात चालला की पुण्याचे साहेब परत फिरले. त्याच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी वहीतले आधीचे खोडले. मी मागे वळून पाहिले. मागे कुंपणाची तट्टी होती, आणि तिच्यापलीकडे मोकळे शेत. मी नदीचे आणि पाण्याचे तुला जे लिहिले होते, ते आता लिहिणार नाही.

घेणारा शीळफाट्याजवळचा गोमाजी म्हणून एक आगरी शेतकरी आहे. भातशेती आहे, खाडीला थोडे मिठागर आहे. माणूस शांत वाटला. तो खांद्यावर नवे दावे घेऊन आला होता. जुने सोडू नका, तसाच न्या, असे मी सांगितल्यावर त्याने खांद्यावरचे दावे खाली ठेवले. घरधनिणीची इच्छा आहे का, असे त्याने पुन्हा विचारून घेतले. मी हो म्हटले. सरोजने ते ऐकले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

तू सांगितलेस तसे केले. बरे केले की नाही, ते मला कळत नाही. तुम्हां दोघींवर जीव आहे, तो असाच राहील.

प्रभाकर


टिटवाळा,
ता. २० मार्च १९५५

ती. दादास,
सुमतीचा नमस्कार.

सुरुवातीला गाढ झोप लागली, हे खरे सांगते. दिवेलागणीला स्वयंपाकघराचे दार उघडे ठेवून मी भाजी निवडत बसू लागले. काही आवाज नाही. गोठा झाडून घेतला, सारवला, त्यात लाकडे रचली.

परवा दिवा लावला आणि तिथेच उभी राहिले. आमटी उतू गेली तरी हलले नाही. आपण कशासाठी थांबलो आहोत ते लक्षात आले तेव्हा मी ओट्याला टेकून खूप रडले. हे गेले तेव्हा घर माणसांनी भरले होते, मला धड रडताही आले नव्हते. दादा, मला वाटते ते श्रावणात गेलेच नव्हते. ते आत्ता गेले, आणि मी त्यांना घालवले.

सरोज हो आणि नाही यांपलीकडे बोलत नाही. भूमितीची चिठ्ठी तिने सहीसाठी माझ्यासमोर ठेवली आणि निघून गेली. मी रागावले असते तर तिला बरे वाटले असते. मी सही केली.

त्या गोमाजीकडचे काही कळते का? टिकल्या खातो ना? तुझ्याशिवाय विचारू कोणाला?

सुमती


ठाणे,
ता. ६ एप्रिल १९५५

चि. सुमतीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचे उत्तर लिहायला बसलो होतो, तोच काल गोमाजी स्वतः शाळेत आला. बरोबर त्याची बायको जनाबाई होती, आणि वालाच्या शेंगांची पिशवी. टिकल्या उत्तम आहे, असे आधी सांगून मग दोघे एकमेकांना तूच विचार म्हणून खुणावू लागले. शेवटी जनाबाईने विचारले, "मास्तर, आमच्या गोठ्यान सांजेला कोन खोकतं?"

खोंड आणला त्या दिवसापासून हे चालले आहे. दिवेलागणीला दाराशी दोनदा खाकरणे, आणि टिकल्या उठून उभा. मी सगळे सांगितले. मला वाटले होते की ती घाबरेल. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली की घरंदाज माणूस दिसतो, सांगून आत येतो. आता ती तिथे पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरून ठेवणार आहे.

गोमाजीचा निरोप असा की, घरधनिणीला हवे असेल तर तो दावे सोडून परत देईल. जे तिचे आहे ते तिच्याकडे जावे, असे त्याला वाटते. मी एरवी अशा गोष्टीला हसलो असतो. काल हसलो नाही.

सरोजला घेऊन जाऊन ये. तुझी वहिनीही हेच म्हणते. आमचा लोभ तुझ्या पाठीशी आहे.

प्रभाकर


टिटवाळा,
ता. १८ एप्रिल १९५५

ती. दादास,
सुमतीचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही जाऊन आलो. टिकल्याने सरोजला लांबूनच ओळखले, हंबरून गोठा डोक्यावर घेतला. ती त्याच्या गळ्यात पडली आणि कितीतरी दिवसांनी मला हाक मारून म्हणाली की आई, बघ, हा जाड झालाय. जनाबाईने आम्हांला भाकरी वाढली, आणि ऊन उतरल्यावर गोठ्यात पोते अंथरून बाहेर जाऊन बसली.

मनात बोलायचे पुष्कळ होते. दार लावून घेत होते त्याबद्दल, दाव्याबद्दल. जनाबाईने अंगणात दिवा लावला. टिकल्या उठला, त्याने दाराकडे मान वळवली. मी पदर घट्ट धरून बसले. तो तसाच उभा राहिला, दादा, कितीतरी वेळ. मग हळूच खाली बसला. कोणी खाकरले नाही.

जनाबाई बिचारी ओशाळली. असे एकदाही झालेले नाही, कालसुद्धा ऐकले, असे शपथेवर सांगू लागली. मला ते खरे वाटले. गोमाजीने दावे सोडून माझ्यापुढे धरले. सरोजने ते माझ्याआधी घेतले आणि पुन्हा टिकल्याच्या गळ्यात बांधले. बाबांना टिकल्या जिथे असेल तिथे राहू दे, असे ती म्हणाली. मी नाही म्हटले नाही.

येताना शीळफाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभ्या होतो. सरोजने माझा हात धरला. म्हणाली, "आई, तू आलीस हे त्यांना कळलं असणार. तू घाबरतेस ना, म्हणून ते गप्प राहिले."

दादा, मी आता घाबरत नाही. हे त्यांना कसे कळवायचे, तेवढे मला लिही. तुझ्या पत्राची वाट पाहते.

सुमती