चुलीचे दगड

गुरुवार, संध्याकाळ

आज बाबा माझ्यासोबत रोहिणखेडला आले, ते मौलवी सरांना सांगायला, की पोरीचं अरबी आता पुरे झालं. वांग्याच्या मळ्यातला माणूस, जुन्या अरबी कवितेवरचा माझा प्रबंध त्यांना कधी पटलाच नाही. वाटेत मी भांडायला हवं होतं का? नाही भांडले.

सर म्हणाले, "बैठो भाऊ. आधी पोरीचं ऐकू."

मी माझा अनुवाद वाचला. कवी वाळवंटातल्या जुन्या मुक्कामाशी थांबतो. माणसं निघून गेलीत, मागे "चुलीचे अवशेष" उरलेत.

"अवशेष म्हंजे?" बाबा मध्येच म्हणाले. "मेंढपाळ उठून गेले का आपल्या वावरात मागं रायतात, ते तीन काळे दगड ना?"

सर हसले. "बिलकुल! मूळ शब्दाचा अर्थच चुलीचे दगड."

महिनाभर त्या ओळीशी झटत होते मी, आणि दगड आमच्याच वावरात होते! अवशेष काय, अवशेष! तिथंच खोडलं.

"मंग भेटली का त्याची माणसं त्याले?" बाबांनी विचारलं.

"नाही, बाबा."

बाबा जे सांगायला आले होते, ते बोललेच नाहीत.

"वाच मंग पुढं," म्हणाले. "मी बसतो."