अक्षत लागलेलं पिस्तूल

ईडन प्रेरी, मिनेसोटा
(महिना कार्तिक, थंडी पौषाची)

तीर्थस्वरूप अक्कांना,

शुभाचा वाकून नमस्कार. (गुडघे दुखत असतील तर पाय पुढे करू नका, नमस्कार आपण होऊन पोचेल.) मोतीबिंदूच्या डोळ्यात थेंब वेळेवर घालताय ना? पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहितेय. इकडे सगळे धडधाकट आहोत. तुमच्या बंधुराजांचं कोलेस्टेरॉल उतरलं आणि हट्ट चढला, एवढाच काय तो बदल.

मागच्या फोनवर तुम्ही दोनच गोष्टी बोललात. विनयनं बंदूक घेतली म्हणे, तिथं इतके चोर आहेत का? आणि दुसरं, आता शस्त्र घरात आलंच आहे तर खंडेनवमीची पूजा चुकवू नका. तेवढ्यात मेलं फोनचं कार्ड संपलं. म्हणून सविस्तर लिहिते. चोर अजिबात नाहीत. आमच्या गल्लीत चोर आलाच तर शेजारीण आधी त्याला त्याची गाडी चुकीच्या बाजूला लावलीय म्हणून सुनावेल. आणि ती बंदूक नव्हे, पिस्तूल आहे, तेही स्पर्धेचं, कागदावर नेम धरायचं. पूजेचं काय झालं ते पुढे येईलच.

या सगळ्याचं मूळ तुमची भाची इला. (पंचवीस पूर्ण झाली, अजून चहा करायला सांगितला तर 'व्हेअर इज द टी?' विचारते.) ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर एकदा नेमबाजीच्या क्लबात गेली आणि तिथलीच झाली. आपल्या घराण्यात कुणी साधा उंदीर मारलेला नाही, पण पोरगी तिथे पहिल्या पाचांत येते. आता या खेळात म्हणे लोक पिस्तुलाला दुर्बीण काय, खास घडवलेली नळी काय, असं काय काय लावून आणतात, की त्यापुढे आमची गाडीसुद्धा स्वस्त वाटावी. म्हणून क्लबनं यंदा नवा विभाग काढला. कारखान्यातून जसं आलं तसंच पिस्तूल आणायचं, वर काही चढवायचं नाही, आणि एका वेळी दहाच गोळ्या भरायच्या. थोडक्यात, सामान्य माणसाला परवडेल असा विभाग. इलाला अलास्कात नोकरी लागली होती, ऑक्टोबर संपता संपता जायचं होतं. मार्चमध्ये ती घरी आली आणि बापाला म्हणाली, "बाबा, मी जायच्या आधी एक मॅच माझ्याबरोबर शूट करा. जस्ट वन." अक्का, ही मुलगी पंधराव्या वर्षापासून बापाशी फक्त गाडीचं ऑइल बदलण्याबद्दल बोलते. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "आधी पिस्तूल बघावं लागेल." मी तिथंच कपाळाला हात लावला.

कारण तुमचा भाऊ वस्तू कशी 'बघतो' ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर फ्रिज बघायला घेतला आणि आला तेव्हा इला दूध सोडून पोळी खायला लागली होती. पिस्तुलाचं तसंच. परवाना पोलिसांकडून आठवड्यात आला, पिस्तूल निवडण्यात अख्खा उन्हाळा गेला. कॉम्प्युटरवर तक्ता केला. एका बाजूला ऑस्ट्रियाचं प्लॅस्टिकचं पिस्तूल. ते हलकं, कधी बिघडत नाही, आणि क्लबात ज्याच्यात्याच्या कमरेला तेच. (हा ह्यांच्या मते त्याचा अवगुण. सगळे घेतात ते आपण घ्यायचं नाही, असा पुण्याच्या होस्टेलात लागलेला रोग आहे.) दुसरं पोलिसांनी वापरून विकायला काढलेलं, सगळ्यांत स्वस्त. पण पहिल्या मालकानं सर्व्हिसिंग नीट केलं असेल कशावरून? तिसरं चेक लोकांचं, पोलादी, जडच्या जड. त्याचा पहिला चाप ओढताना विहिरीतून भरलेली कळशी ओढल्यासारखं वाटतं, पुढचे मात्र अलगद. जडपणामुळे हातात उसळत नाही. हे सगळं तुम्ही नीट वाचा हं, अक्का, कंटाळू नका.

दर गुरुवारी इला ऑफिसातून इकडे यायची आणि बापाला घेऊन एकेका दुकानात जायची. मी एकदाच गेले आणि लाजेनं अर्धी झाले. ह्यांनी त्या दुकानदाराला स्पेअर पार्ट सहज मिळतात का विचारलं, पुढच्या वर्षी नवं मॉडेल येणार का विचारलं, विकायला काढलं तर किंमत येईल का विचारलं आणि शेवटी, तो बिचारा उभा राहून दमल्यावर, नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सेलपर्यंत थांबलं तर? इला शेजारी उभी राहून हसत होती. थँक्सगिव्हिंगला ती अलास्कात असणार होती, पण ते बोलायचं कुणी? माझं डोकं फिरलं. मी काचेवर बोट ठेवलं आणि म्हटलं, हे. चेक. वांगी निवडायला मला याहून जास्त वेळ लागतो. वरवंट्याएवढं जड आहे, म्हणजे ह्यांच्या हातून हरवणार तरी नाही. दुकानदारानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू देवीच पावली.

मग घरात सराव सुरू. रिकाम्या पिस्तुलानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम. संकष्टीच्या चौकोनावर नेम धरलेला पाहून मी ओरडले, तेव्हा मायक्रोवेव्हच्या घड्याळाकडे वळले. असं करत नवरात्र आलं, आणि स्पर्धा नेमकी दसऱ्याच्या दिवशी, नदीपलीकडे विस्कॉन्सिनमध्ये. म्हणजे खरोखरीचं सीमोल्लंघन! आदल्या दिवशी खंडेनवमी. तुमची आज्ञा होतीच. पाटावर लाल कापड, त्यावर पिस्तूल, शेजारी गोळ्या भरायच्या रिकाम्या डब्या, माझी विळी आणि इलाचा स्क्रूड्रायव्हर. हळद, कुंकू, फूल. ह्यांनी मंत्र म्हटले (निम्मे गणपतीचे होते) आणि अक्षता सढळ हातानं वाहिल्या. इलानं विळीलाही नमस्कार केला. मला तेव्हाच भरून आलं होतं, पण नारळ फोडायचा होता.

दुसऱ्या दिवशी ह्यांची पाळी आली. देखरेखीला डेल नावाचे आजोबा, टोपीखाली कानसुद्धा दिसेनात. शिटी वाजली. पहिली गोळी, ती कळशीवाली, कागदात. दुसरी कागदात. आणि मग खट्! पिस्तूल बंद. सगळा उन्हाळा ज्या एका सकाळसाठी घालवला ती अशी जाणार? घड्याळ पळतंय, माणूस पुतळा. मागून इला ओरडली, "बाबा, टॅप इट!" तेव्हा ह्यांनी पिस्तूल समोरच रोखून धरून ती डबी काढली, मांडीवर आपटली, आणि आतून टपकन पडली एक अक्षत. पिवळी, कुंकवानं माखलेली, तेलानं चकचकीत. दुसरी डबी घालून उरलेल्या गोळ्या झाडल्या. त्यातली एक बहुधा विस्कॉन्सिनमध्येच पण कागदाबाहेर गेली.

डेलनं तो दाणा उचलून हे काय म्हणून विचारलं. दुसरा कुणी असता तर काहीतरी थाप मारून मोकळा झाला असता. हे नाहीत. पिस्तूल म्यानात ठेवून ह्यांनी खंडेनवमी म्हणजे काय, पांडवांनी शमीवर शस्त्रं का ठेवली, बहीण मोठी असली की तिची आज्ञा का मोडत नाहीत, हे सगळं मागच्या रांगेला खोळंबवून समजावलं. डेलनं टोपी काढून ऐकलं आणि विचारलं, पुढच्या वर्षी माझंही आणू का पूजेला? हे शेवटून पहिले आले. इला चौथी. घरी येईपर्यंत बापलेक त्या तिसऱ्या गोळीबद्दलच बोलत होते. मी मागच्या सीटवर आपट्याची पानं नाहीत म्हणून मेपलची पानं घेऊन बसले होते, ती वाटायचं कुणाला सुचलं नाही.

असो. तिकडे सर्वांना यथायोग्य नमस्कार-आशीर्वाद. तब्येतीला जपा.

तुमची
शुभा

ता. क. इला गेली. स्वतःचं पिस्तूल नेलं, लोणचं विसरली. तिचा फोन येतो, ऑइल बदललं का विचारते आणि ठेवते. हे दर रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून, दसऱ्यानंतर न वापरलेलं आपलं चेक पिस्तूल पुन्हा पुसत बसतात. मला वाटायचं माणूस चेंगट आहे. आहेच चेंगट! पण पिस्तूल ठरत नव्हतं तोवर पोरगी दर गुरुवारी येत होती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

आणखी एक. म्हणून तर एवढं पिस्तूलपुराण तुम्हाला लिहिलं. तुमच्याकडे दिवेलागणीनंतर, रविवारी, तुम्ही स्वतः फोन करा. इलाचं नाव काढू नका. चेकचंच का घेतलं, ऑस्ट्रियाचं का नाही, एवढं विचारा, ते तासभर बोलतील. मध्येमध्ये कळशीचं विचारत राहा. तास झाला की इलाचा विषय ते आपणच काढतील. तेव्हा मात्र फोन ठेवू नका. मी लिहिलंय हे कळू देऊ नका, पत्र बंबात घाला.

आणि हो, दुसरं पिस्तूल कुठलं घेऊ असं विचारलं तर तोंडाला येईल ते नाव सांगून मोकळ्या व्हा. अक्षतेचा तो दाणा कुठे गेला विचारलं, तर मात्र माहीत नाही म्हणा. तो इलानं पाकिटात घालून अलास्काला नेलाय. बापाला सांगायचंय तिला, पण विषय कसा काढायचा ते कळत नाही. गेलीय ना बापावर!