शर्टाच्या खिशातला प्लग

बाबा, आज मशीनची सर्व्हिस केली. गवत कापायची तीच पेट्रोलची मशीन. मिल बंद झाल्यावर राजेंद्र नगरच्या एका बंगल्यातून तुम्ही ती भंगारात जाता जाता उचलून आणली होती. आई म्हणाली, "लूम दुरुस्त करणारा माणूस आता लोकांचं गवत कापणार?" तुम्ही हसलात. "अगं, मिल बंद झाली, गवत थोडंच बंद झालंय!" पुढे घर त्या मशीनवरच चाललं.

तुमची रीत मी शाळेच्या वहीत उतरवून घेतली होती. नववीतच शाळा सुटली, त्यामुळे कोरी पानं पुष्कळ होती. इंजिन थंड होऊ द्यायचं, टाकीतलं पेट्रोल काढायचं, मग ठिणगी पाडणारा प्लग खोलून शर्टाच्या खिशात ठेवायचा, म्हणजे इंजिन चुकूनही चालू होत नाही, आणि त्याच्या भोकात स्वच्छ चिंधी बसवायची. मशीन आडवी करताना एअर फिल्टरची बाजू वर, नाहीतर ऑइल त्यात उतरतं. मी एकेक शब्द दोनदा तपासत बसायचो आणि तुम्ही मागून म्हणायचात, "वा भिया, शुद्धलेखन बघून मशीन चालू होणार आहे का?"

एक दिवस मात्र तुम्ही हसला नाहीत. इंजिन गरम, प्लग जागेवरच, आणि मी अडकलेलं गवत काढायला पातं हाताने फिरवलं. इंजिनने एकच झटका दिला. पातं माझ्या बोटांजवळून सर्रकन गेलं. तुमचा चेहरा उतरला. "सगळी उमर मिलमध्ये काढली, पण फ्यूज खिशात घेतल्याशिवाय मशीनमध्ये कधी हात नाही घातला. दहा बोटं घेऊन घरी आलो, समझा? लिहिलंस दहादा, केलं एकदाही नाहीस!" त्यानंतर गवत मी कापायचो, पण पात्याला तुम्ही मला हात लावू देत नव्हता. माझ्या हातांवरचा तुमचा भरवसा गेला तो गेला, असं मी धरून चाललो होतो.

मग तो रविवार. मागच्या ओट्यावर तुम्ही प्लग खोलता, खिशात टाकता, मशीन आडवी करता आणि छाती चोळत उठता. "गॅस झालाय. आईला घेऊन दवाखान्यात जाऊन येतो. तू थांब, पुढचं तू कर." दारातून वळून म्हणता, "पातंसुद्धा."

मी खुरप्याने चिकटलेलं गवत खरवडलं, पातं सोडवून कानस मारली, तोल बघायला खिळ्यावर टांगलं. दोन्ही बाजू सारख्या राहीपर्यंत घासत राहिलो. त्या दिवशी पातं हातात धरताना पहिल्यांदाच मला भीती वाटली नाही. प्लग तुमच्या खिशात होता, मशीन मला काय करणार होती? सगळं बसवून झाल्यावर प्लग मागायला वळलो, तेव्हा तो तुमच्याबरोबर गेल्याचं लक्षात आलं. संध्याकाळी तो तुमच्या शर्टाबरोबर घरी आला; तुम्ही परत आला नाहीत.

इतकी वर्षं झाली, बोटं दहाच्या दहा आहेत, बाबा. "पातंसुद्धा" म्हणालात, त्याचे आभार मानायचे राहून गेले होते. हा कागद त्याच वहीत राहील. फक्त एक सांगायचंय. तुमचा प्लग खराब झाला म्हणून नवा आणला, असं मी आईला सांगितलं होतं. ते खोटं होतं. सर्व्हिस करताना मी नवा प्लग काढून खिशात टाकतो, तेव्हा तुमचा तिथे आधीच असतो. मी तपासून पाहिलाय. ठिणगी अजून छान पडते.