छत्तीस पूर्णांक नऊ

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! पालघर स्टेशनबाहेरून एसटी मिळाली आणि अर्ध्या तासात सातपाटी. गाव आलं हे आधी नाकाला कळलं, मग डोळ्यांना. बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवलेले. वाशिमच्या मुलीने हे कधी पाहिलंय? आईला फोटो पाठवला. तिचं उत्तर: तू हे खाणार आहेस?

खाल्ले की! संस्थेने साखरबाई मेहेर यांच्या घरी खोली घेऊन दिलीय. साठीच्या आहेत, एकट्याच राहतात, बाजारात मासळी विकतात. मी काकू म्हटलं तर म्हणाल्या, मावशी म्हण, सगळं गाव म्हणतं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि त्यांनी चौथी न विचारता वाढली.

काम असं: पापलेट दर वर्षी लहान होत चाललंय, ते का ते शोधायचं. धक्क्यावर उतरणारी मासळी पट्टीवर मोजायची आणि समुद्राच्या तळाचं तापमान वर्षभर नोंदवायचं. माझी पहिली नोकरी. खिडकीतून खाडी दिसते. मी खूश आहे, हे इथे लिहून ठेवते.

६ नोव्हेंबर

नरहरी तांडेल यांच्या होडीतून सहा तरंगते बोये टाकून आले. एक नंबर सगळ्यात लांब, मग ओळीने किनाऱ्याकडे येत सहा नंबर खाडीच्या तोंडाशी. प्रत्येक बोयाखाली दोर, दोराच्या शेवटी तळाजवळ तापमापक. दर दहा मिनिटांनी आकडा माझ्या फोनवर येतो.

नरहरीकाका फार बोलत नाहीत. मला उलटी झाली तेव्हा मात्र हसले आणि खायला लिंबू दिलं. एक नंबर टाकताना त्यांनी पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाठ करून बसले होते.

घरी मावशींना फोन दाखवला. सगळीकडे अठ्ठावीस पूर्णांक चारच्या आसपास. त्यांना फार गंमत वाटली. म्हणाल्या, "म्हंजे दर्याला ताप हाय का नाय ते तुला घरात बसून कलतं?"

११ नोव्हेंबर

आज सकाळी अकरा वाजता, ऐन ओहोटीला, एक नंबरवर ३६.९. पुढच्या नोंदीत पुन्हा २८.४. दहा मिनिटांत साडेआठ अंश चढून उतरणं समुद्राला जमत नाही. बॅटरी असेल.

१२ नोव्हेंबर

आज पावणेबाराला, म्हणजे पुन्हा ओहोटीलाच. ३६.९, सलग दोन नोंदी.

लगेच नरहरीकाकांना घेऊन गेले. दोर वर काढला. आठवड्याभरात त्यावर गाळाचा बुळबुळीत थर बसला होता, पण तापमापकाच्या जरा वर चार बोटं रुंदीचा पट्टा अगदी स्वच्छ होता, पुसून काढल्यासारखा. बसच्या दांडीला जिथे धरतो तिथे रंग जातो ना, तसा. काकांनी तो पाहिला आणि दोर सोडून दिला. यंत्र बादलीत दुसऱ्या यंत्राशेजारी तपासलं. काही बिघाड नाही. तरी नवीन बसवलं.

१३ नोव्हेंबर

नवीन यंत्र. पाऊण वाजता ३६.९.

जेवताना मावशींना हसत हसत सांगितलं की दर्याला खरंच ताप आलाय. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, हा ताप नाय, हा माणसाचा आंग गरम असतो तेवढा. कुठला बोया, कुठल्या बाजूला, किती वाव खोल पाणी, सगळं विचारलं. मग ताटावरून उठल्या आणि आतून एक फोटो आणला.

दादू, त्यांचा मुलगा. सव्वीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी याच महिन्यात, तिथेच होडी उलटली. नरहरीकाकांची होडी. चार जण परत आले, दादू सापडला नाही. फोटोला हार नाही. म्हणाल्या, "गार पडला असता तं मला कललं असतं."

त्यांनी विचारलं, असेल का गं तो? मी सांगायला हवं होतं की यंत्र चुकतंय. मी म्हटलं, सांगता येत नाही.

एवढंच म्हटलं. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मी ताटं उचलायला लागले.

१५ नोव्हेंबर

काल दोन नंबर. आज अडीचला तीन नंबर. मागचे बोये आता गप्प आहेत. ते जे काही आहे ते किनाऱ्याकडे येतंय.

मुंबईला संस्थेच्या साहेबांना सगळे आकडे पाठवले. मावशींनी दादूचे सदरे धुऊन अंगणात वाळत घातलेत. दर थोड्या वेळाने मला विचारतात, कुठवर आला?

१६ नोव्हेंबर

आज चारही बाजूंनी शांत. एकही आकडा चढला नाही. मला हायसं वाटलं, आणि मावशींचं तोंड बघून लाजही वाटली.

दुपारी नरहरीकाकांनी धक्क्यावर बोलावलं. जाळी शिवत होते. मान वर न करता त्यांनी सांगितलं. होडी उलटली तेव्हा ते तिच्या पाठीवर चढले होते. दादूचा पाय जाळ्याच्या दोरात अडकला होता आणि त्याने काकांचं मनगट धरलं होतं. होडी त्या बाजूला कलायला लागली. वर अजून तिघं होते. काकांनी त्याची बोटं सोडवली. एकेक करून. शेवटपर्यंत हात गरम होता, म्हणाले.

साखरबाईला हे ठाऊक नाही. तीन वर्षं ते तिच्या दारावरून गेलेले नाहीत, मागच्या गल्लीने जातात. म्हणाले, "ते बोये काढ बाय. तो तिच्यासाठी येत नाय. माझ्यासाठी येतोय."

१७ नोव्हेंबर

साहेबांचा निरोप: यंत्रांत बिघाड आहे, सहाही काढून पाठवा.

सकाळी होडी तयार होती. मावशी धक्क्यावर आल्या आणि सगळ्यांसमोर माझ्या पायाशी वाकल्या. माझ्या आईपेक्षा मोठी बाई. म्हणाल्या, "दोन दिस थांब. आता घराकडं वललाय तो."

मी थांबले. काकांची गोष्टही सांगितली नाही. सांगितली असती तर— माहीत नाही.

चार वाजता, चार नंबर. तीन नोंदी.

१८ नोव्हेंबर

साडेचार. पाच नंबर.

मावशींनी ताप बघायची काचेची नळी शोधून काढली, दादूच्या लहानपणची. पारा कसा वाचायचा ते माझ्याकडून शिकून घेतलं. मी शिकवलं. का शिकवलं मी?

१९ नोव्हेंबर

 क्रमाने लिहिते.

पाच वाजता मी धक्क्यावर पापलेट मोजत होते. फोन वाजला. सहा नंबर, ३६.९. मावशींना सांगायला मागे वळले तर पायरीवर त्यांच्या चपला. ओहोटीने चिखल उघडा पडला होता आणि त्यात पावलांची ओळ, सरळ खाडीच्या तोंडापर्यंत. पाणी गुडघाभर, पुढे कमरेएवढं. बोयाजवळ त्या उभ्या होत्या. वाकून दोन्ही हात पाण्यात घातलेले. मी हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं. हसल्या. मला अगदी स्पष्ट दिसलं.

मग बोया तेवढा राहिला.

होड्या सुटल्या. मी कमरेपर्यंत चिखलात गेले, दोघांनी ओढून बाहेर काढलं. फोन हातातच होता.

३६.९
३६.२
३४.८
३२.५

कुणीतरी तापमापक धरून ठेवला होता आणि ते कुणीतरी गार होत होतं. सांगितलं सगळ्यांना, सहा नंबरलाच आहेत, तिथेच शोधा. ते तिथेच शोधत होते. दोर वर काढला, रिकामा. खाली सोडला की आकडा पुन्हा यायचा.

३०.१
२८.४

मी तिला आशा दाखवली. मी. आणि मग आकडे बघत उभी राहिले.

२० नोव्हेंबर, दुपार

मावशी सापडल्या नाहीत. सदरे अजून दोरीवर आहेत. आई म्हणते घरी ये. बॅग भरली. पण त्यांना तिथे टाकून कशी—

नरहरीकाका आले होते. तीन वर्षांत पहिल्यांदा, पुढच्या दाराने. उंबऱ्याबाहेर बसून रडले. मला म्हणाले, तू आली नसतीस तरी मी कधीतरी त्याच्याकडे जाणारच होतो. खोटं बोलत होते, माझ्यासाठी.

५.२०

धक्क्याच्या वरच्या पायरीवर बसलेय. काका एकटे गेलेत, मला होडीत घेतलं नाही. इंजिन बंद केलंय. सहा नंबरशी आहेत.

५.४०

३६.९

काकांचा उजवा हात पाण्यात. ओढत नाहीत. ओरडत नाहीत. बोलतायत कुणाशी तरी — इथवर ऐकू येतं — "या टायमाला नाय सोडनार रं. नाय सोडनार."

होडी कलतेय. मी ओरडतेय, वळत नाहीत —

५.५०

होडी रिकामी. सरळ उभी आहे, रिकामी.

३६.९. पाच नंबरही. चार. सगळे — सहाही — ३६.९ —

खाली येत नाहीत. दहा मिनिटं झाली — मावशीचा आकडा उतरला होता, मग आता का —

ऐन ओहोटी आहे. पाणी मागे जायला हवं. तिसऱ्या पायरीवर आलंय. दुसऱ्या. लोक मागे पळतायत, मला हाका मारतायत. मला उठता येत नाही. पायाला लागतंय पाणी — गार नाही — मावशींच्या हातासारखं —