बदली आल्याशिवाय

३ मार्च, सोमवार
आज अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात कामाला लागलो. आमची मिल बंद पडल्यापासून घरीच होतो. सोनाबाईनं शेंगाचटणी-भाकरीचा डबा दिला अन् म्हणाली, म्हातारपणी नोकरी लागली, आता मिरवा लई. माझी शाळा चौथीपर्यंत, पण वीण मला कळते.

अक्षता नावाची इंजिनिअर पोरगी आहे. मागावर नक्षी काढणारा प्रोग्राम ती सी भाषेत लिहिते. तोच प्रोग्राम नव्या विंडोजवर, लिनक्सवर आणि मागाशेजारच्या तीस वर्षांच्या डॉसच्या संगणकावरही चालला पाहिजे, कारण मालक जुना माग टाकून द्यायला तयार नाहीत. प्रत्येकावरून निघालेले टॉवेल शेजारी ठेवून मी तारेला तार जुळवायची. चष्मा नीट बसतो ना, याचीच दिवसभर काळजी.

७ मार्च
विंडोज आणि लिनक्सचे टॉवेल हुबेहूब निघाले. जुन्यावर प्रोग्राम अडतो. हिरव्या अक्षरांत म्हणतो, कामावर सिद्धप्पा, बदली कोण? अक्षता म्हणाली, हा तुकडा जुन्या प्रोग्रामातला आहे, काढला की मागच हलत नाही, म्हणून नव्यातही तसाच ठेवलाय. घरातल्या म्हाताऱ्यासारखं आहे काका, कशाला आहे कळत नाही, पण हलवता येत नाही. मी म्हटलं, माझ्यासमोर बोलतेस होय. ती हसली.

सिद्धप्पा कोण, ते मागांची देखरेख करणाऱ्या जॉबर धनाजीला विचारलं. तो म्हणाला, एकोणीस वर्सं झाली, ह्याच मागापुढं उभ्या उभ्या गेला. पुढच्या पाळीचा माणूस आलाच न्हाय.

१० मार्च
आमच्या मिलमध्ये नियम होता, बदली, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय माग सोडायचा नाही. तहान लागली तरी नाही. सिद्धप्पा अजून उभा आहे, असं सारखं मनात येत होतं. अक्षता जेवायला गेली तेव्हा राहवलं नाही. जुन्या संगणकावर एका बोटानं माझं नाव टाकलं, कुंडलिक.

माग लगेच चालू झाला. माझ्या अंगाला घासून कुणीतरी घाईनं दाराकडं गेलं. दिसलं कुणी नाही. टॉवेल मात्र तारेला तार जुळला. मालकांनी पेढे वाटले. माझा पेढा मी सोनाबाईसाठी खिशात ठेवला.

११ मार्च
काल तीनला पाळी सुटली. फाटक ओलांडलं अन् पुन्हा मागापुढं उभा. चार वेळा तसंच झालं. शेवटी अक्षतानं हात धरून बाहेर नेलं. बाहेर गेल्यावर तिच्या मुठीत नुसतं सूत होतं. मी आत होतो, तिथून बघत होतो.

तिच्या लॅपटॉपवर लिहून येतं, कामावर कुंडलिक. लिनक्सवरही तेच. तिनं नाव काढलं, प्रोग्राम नव्यानं तयार केला. परत आलं.

१२ मार्च
भूक नाही. खोकल्याबरोबर तोंडातून तार येते, ओढली तर संपत नाही. उजवा हात मागातून सुटत नाही. डाव्यानं लिहितोय.

दुपारी सोनाबाई डबा घेऊन फाटकाशी आली. मी दारातून दिसायला हवा होतो. धनाजी तिला म्हणाला, काका परवाच गेले की घरी. तिनं डबा उघडून बघितला, परत झाकला, अन्— मी हाका मारल्या. मागाचाच आवाज आला.

१३ मार्च
आता मी कुणाला दिसत नाही. अक्षतालाही नाही. पण तिला कळलंय. ती मागाकडं तोंड करून म्हणाली, काका, बदलीला मी माझं नाव टाकते, तुम्ही जावा घरी.

पोरी, टाकू नको. तुझ्यामागं कोण येणार—

वही तिच्यापुढं धरली. ती वहीतून पलीकडं बघते.

तिनं पहिलं अक्षर टाकलं. उजवा हात सैल झाला. किती बरं वाटलं. देवा, किती बरं—

दुसरं. हात सुटला. दार दिसतंय. बाहेर ऊन आहे. सोनाबाई भाकऱ्या थापत असेल—

तिचे ओठ पांढरे पडलेत. ओठाला तार—

नको. ऊन नको. संगणकाची वायर धरलीय. उपटली की नाव अर्धंच राहील, अन् कामावर परत मी

पोरी, जेवायला जा, मी हितं